‘उत्तरतीर’ची शेवटची सोळा पानं

“ओ सर, थांबा जरा. कुंदा कुठं मरती?”

तारळेकर वहिनी तिसऱ्या रांगेतून उठल्या आणि प्राध्यापक दिवाणांचा हात हवेतच राहिला. ते जिल्ह्याच्या गावाहून खास आले होते. वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून आम्ही ‘मराठी प्रणयकादंबरी’ या विषयावर त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. पाऊण तास त्यांना कुणी अडवलं नव्हतं, कारण पाऊण तास कुणी ऐकतच नव्हतं. बायका आपसात बोलत होत्या, पुरुष घड्याळं बघत होते. पण प्राध्यापकांनी ‘उत्तरतीर’चं नाव काढलं आणि सभागृह चिडीचूप झालं. ‘उत्तरतीर’ म्हटल्यावर जिनं कान टवकारले नाहीत ती बाई आमच्या गावची नव्हेच.

“मरते म्हणजे शेवटी मरते,” प्राध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले. “नदी ओलांडून जाते, जयरामाच्या पायांवर डोकं ठेवते, ‘मला क्षमा करा’ म्हणते आणि प्राण सोडते. पन्नास वर्षं मराठी वाचक ज्या शेवटासाठी रडतोय तो हाच, वहिनी.”

“आमच्यात न्हाई मरत.”

सभागृहात हशा पिकला. तारळेकर वहिनी हसल्या नाहीत. त्यांचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाशी बोलतात त्याच ठसक्यात त्यांनी पुढं सांगितलं, “आणि क्षमा तिनं का मागायची? संशय ह्येनं घ्यायचा, सोडून ह्येनं जायचं, आणि क्षमा तिनं मागायची? त्यो म्हणतो की तिला, ‘कुंदा, माझं चुकलं.’ मी काय एकदा वाचलंय व्हय? सहा डाव वाचलंय.”

“माझं चुकलं!” मागून आणखी चारपाच जणींनी साथ दिली. पोस्टातल्या शकुंतलाबाई तर म्हणाल्या, “मी लग्नाआधी वाचलं आणि नंतरही. दोन्ही वेळा तो तेच म्हणाला.”

प्राध्यापकांचा चेहरा उतरला. त्यांनी या कादंबरीवर प्रबंध लिहिला होता म्हणे.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. मी त्या वाचनालयाची ग्रंथपाल होते. सव्वीस वर्षांची होते आणि राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. वय गेलं, राग आहे. ‘उत्तरतीर’ मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पहिल्यांदा वाचली होती. कुंदाचा नवरा जयराम बहिणीचं ऐकून तिच्यावर संशय घेतो आणि नदीपलीकडं निघून जातो. ती अलीकडच्या तीरावर सहा वर्षं वाट बघते. दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं वाट बघते आणि शेवटच्या सोळा पानांत नदी ओलांडते. एवढीच गोष्ट. भाषा जडजंबाल, वर्णनं पानपानभर. पण आमच्या वाचनालयातली ती एकुलती एक प्रत पाच वेळा बांधून घ्यावी लागली होती, आणि तिच्यासाठी कायम नऊ-दहा जणींचा नंबर लागलेला असायचा. लग्न ठरलेल्या मुलीला आई ते पुस्तक आणून देत असे. काय सांगायचं ते आईला सांगता येत नसे, म्हणून.

“ती प्रत आणा,” अध्यक्षस्थानावरून मिराशी सर म्हणाले. हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक आणि आमचे अध्यक्ष. शाळेत असताना वर्गाबाहेरून त्यांची चप्पल वाजली की मुलं श्वास रोखत. निवृत्त झाल्यावर तो धाक त्यांनी वाचनालयात आणला होता. मला ते ‘शेटेबाई’ म्हणत, आणि ते ऐकलं की मीही श्वास रोखत असे.

मी पुस्तक आणलं. प्राध्यापकांनी शेवट उघडला, आणि हसले.

“मिराशी सर, हे बघा. दोनशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत छापील आहे. पुढची सोळा पानं हातानं लिहिलेली.”

“ते तर आम्हाला माहितीच आहे,” मी म्हणाले. “मूळ पानं गहाळ झाली होती. कुणीतरी दुसऱ्या प्रतीवरून उतरवून काढली असणार.”

मलाच काय, सगळ्या गावाला तसंच वाटत होतं. जुन्या पुस्तकांत अशी उतरवलेली पानं असतातच. काळ्या शाईतलं, किंचित उजवीकडं झुकलेलं ते अक्षर आम्हाला छापील पानांपेक्षा ओळखीचं होतं. ते खरं आहे का, हे ताडून बघायला दुसरी प्रत तालुक्यात नव्हतीच.

“उतरवलेली नाहीत, बाई. रचलेली आहेत. कुणीतरी घुसडली आहेत,” प्राध्यापक म्हणाले. “मूळ शेवटाशी एका ओळीचाही संबंध नाही.”

मिराशी सर उठून उभे राहिले. “ही ग्रंथाची विटंबना आहे,” ते म्हणाले, “आणि ती आमच्या संस्थेत, माझ्या कारकिर्दीत! प्राध्यापकसाहेब, तुम्ही मूळ पानांची झेरॉक्स पाठवा. ही पानं आम्ही काढून टाकू.”

बायकांत एकदम गलका उठला. “काढून टाकू म्हंजे? आमचं पुस्तक हाय ते!” तारळेकर वहिनी ओरडल्या. सरांनी टेबलावर हात आपटला आणि सभा संपल्याचं जाहीर केलं. आभारही मानायचे राहिले. पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी बसल्या होत्या. सगुणाकाकू. एवढ्या गोंधळात त्या एकट्याच मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. घरी गेल्यावर यांना बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं आणि त्यांची कीव आली.

झेरॉक्स बुधवारी टपालानं आली. मी वाचली. कुंदा खरंच मरत होती. पायांवर डोकं ठेवून, ‘मी अभागिनी तुमच्या चरणांची धूळ’ वगैरे म्हणत. आणि जयराम? तो तिला क्षमा करत होता! सहा वर्षं तिला वाऱ्यावर सोडलेला तो शहाणा, तिला क्षमा करत होता. मी ते कागद टेबलावर आपटले. ज्या पुस्तकासाठी माझ्या आईनं, माझ्या मावशीनं आणि निम्म्या गावानं डोळे पुसले ते पुस्तक हे नव्हतं. लेखकानं लिहिली होती ती कादंबरी कुणाच्या लक्षातही राहिली नसती. लोक जीव टाकत होते तो त्या सोळा पानांवर.

सरांचा निरोप आला होता. शुक्रवारच्या कार्यकारिणीपुढं पुस्तक ठेवायचं, हस्तलिखित पानं काढायची आणि झेरॉक्स बाइंडरकडून बसवून घ्यायची. मी पुस्तक घेतलं आणि दस्तगीरचाचांकडं गेले. वाचनालयाची पुस्तकं चाळीस वर्षं तेच बांधत होते. त्यांच्या ओसरीवर खळीचा वास कायमचा होता.

“मी काय ही पानं काडणार न्हाई,” चाचांनी पुस्तक हातात न घेताच सांगून टाकलं. “तुमी दुसरा बाइंडर बगा.”

“चाचा, मला तरी कुठं काढायचीत? पण सरांचा हुकूम आहे.”

“सरांचा व्हय?” ते हसले. तसं हसणं मी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी दाभण खाली ठेवला. “पाच खेपा बांदलंय मी ह्ये पुस्तक. दर खेपेला कडा कातरताना ह्या फर्म्याला, ह्या सोळा पानांना, कात्री लागंल म्हणून जीव मुठीत धरून बसलोय. त्यास्नी म्हणावं, आदी घरात इचारा.”

“घरात? कुणाच्या घरात?”

चाचांनी दाभण पुन्हा उचलला. सांगून बसलो असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग हळूच म्हणाले, “अठ्ठावन साली बाई आली हुती हितं. चोवीस-पंचवीसची असंल. हाताला चिंधी बांदल्याली. पुस्तकाला जळल्याचा वास. म्हटली, चाचा, शेवटचा फर्मा जळाला, ही पानं शिवून द्या, पण कुणाला सांगू नका. मी म्हटलं, न्हाई सांगत. तेहतीस वरसं न्हाई सांगितलं. आज तुमी सरांचं नाव काडलं म्हणून तोंड उगडलं माजं.”

मी तिथून तडक मिराशी सरांच्या घरी गेले. दुपारी दोन ते चार सर झोपत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सगुणाकाकू स्वयंपाकघरात शेवग्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. माझ्या हातातलं पुस्तक त्यांनी बघितलं आणि पाट पुढं सरकवला.

“चाचांनी सांगितलं ना? बस, वैजू. हळू बोल, ते झोपलेत.”

मी पाटावर बसले. काकूंच्या उजव्या मनगटावर चकचकीत, गुळगुळीत डाग होता. तेलाचा डाग म्हणून आम्ही सगळे तो बघत आलो होतो.

“सकाळची वेळ होती,” काकू सोलता सोलता सांगू लागल्या. “यांच्या आंघोळीचं पाणी तापलं की हाक मारायची. मी बंबाशेजारी बसून वाचत होते. कुंदा नावेत पाऊल ठेवते इथवर आले होते. पाणी उकळून गेलं, माझं लक्ष नाही. हे आले आणि पुस्तक ओढून घेऊन बंबात घातलं. मी हात घालून काढलं. आधीची पानं बचावली, शेवटची सोळा गेली.”

“पुस्तक वाचनालयाचं होतं!”

“आणि यांच्या नावावर होतं. सभासद हे होते ना. अपुरं पुस्तक परत कसं करायचं? ग्रंथपाल विचारणार, बोभाटा होणार. मग म्हटलं, आपणच पुरं करून द्यावं.”

“मग मूळ शेवट तुम्ही कधी वाचला होता?”

“वाचला नव्हता गं. जळला ना तो.” त्यांनी शेंगेचा दोर ओढून काढला. “परवा त्या प्राध्यापकांनी सांगितलं तेव्हा कळलं, ती मरते म्हणून. तेहतीस वर्षं मला वाटत होतं, माझं थोडंफार तरी जुळलं असेल.”

मला एकदम रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी रागावले. “सरांना आठवत नाही हे? त्या दिवशी भर सभेत विटंबना, विटंबना म्हणून ओरडत होते!”

“नाही आठवत. त्यांच्या दृष्टीनं एक सकाळ होती ती, पाणी जास्त तापलं होतं.” काकूंनी शेंगेची साल बाजूला टाकली. “पानं लिहायला मला दहा दिवस लागले, वैजू. त्यातले चार जयरामाला ते एक वाक्य म्हणायला लावण्यात गेले. तो बोलेचना. मी पाणी भरताना, भाकरी थापताना मनात त्याला सांगायची, बोल ना रे बाबा, एकदा बोल.”

“काकू, मी आत्ता त्यांना उठवते आणि सांगते. मग बघू कशी फाडतात पानं.”

“नाही सांगायचं.” पहिल्यांदाच त्यांचा आवाज कडक झाला. “शपथ आहे तुला. पानं त्यांच्या हातात दे. अडतीस वर्षं संसार झाला आमचा. माहेरी पत्रं लिहिली, मुलांच्या वह्यांवर नावं घातली, वाण्याची यादी दर महिन्याला मी लिहिते आणि ते खिशात घालून नेतात. बघू दे, अक्षर ओळखतात का.”

“आणि नाही ओळखलं तर?”

“तर फाडतील,” काकू म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

शुक्रवारी संध्याकाळी कार्यकारिणी बसली. सर, उपाध्यक्ष आणि चिटणीस. बाकीचे दोघे सर बोलतील तिथं मान हलवायला येत. मी पुस्तक सरांच्या पुढं उघडून ठेवलं. दोनशे एकोणनव्वदावं पान, काळी शाई, झुकलेलं अक्षर.

“पानं काढण्याआधी एकदा नीट बघून घ्या, सर,” मी म्हणाले. “अक्षर कुणाचं असेल?”

“कुणाचं का असेना.”

“तरी बघा ना. गावातलंच कुणीतरी असणार.”

सरांनी चष्मा पुसला. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघत होते. ओळखा, मी मनातल्या मनात म्हणत होते, ओळखा की हो, तुमच्या खिशात असेल याच अक्षरातली यादी, साबुदाणा आणि तूरडाळ. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, शाळेत नापास पोराचा निबंध वाचावा तशी.

“‘जयराम घाटावर उभा होता. कुंदा नावेतून उतरली नाही. ती म्हणाली, आधी बोल. नदीचं पाणी नावेला लागत होतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग तो म्हणाला, कुंदा, माझं चुकलं. मग ती उतरली.’” त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं. “काय हे? ना वर्णन, ना अलंकार. आणि पुरुष असा बोलतो का? ‘आधी बोल’ म्हणे! नवऱ्याला!”

चिटणीस हसले.

“नीट बघा, सर,” मी पुन्हा म्हणाले.

“बघितलं. कुणातरी अर्धशिक्षित बाईचा रिकामपणाचा उद्योग आहे.” त्यांनी लोखंडी पट्टी शिवणीला लावली आणि पानं फाडली. एकेक नाही, सगळी एकदम. दस्तगीरचाचांची शिवण इतकी पक्की होती की त्यांना दोनदा जोर लावावा लागला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडापर्यंत आलं होतं सगळं. शपथ नसती तर त्या दिवशी मी नोकरी गमावली असती आणि मला काडीचं दुःख झालं नसतं. अर्धशिक्षित! सातवी पास होत्या काकू, आणि पुढं शिकवलं नाही कुणी, त्यात लिहिणारीचा काय गुन्हा? मी काही न बोलता कचऱ्याच्या टोपलीतून ती पानं गोळा केली, इस्त्री केल्यासारखी सरळ केली आणि खणात कुलपात ठेवली. सरांनी विचारलं, “कशाला?” मी म्हटलं, “दप्तरी पुरावा म्हणून.” तो शब्द त्यांना आवडला.

सोमवारी दुपारी दोन वाजता सगुणाकाकू वाचनालयात आल्या. एकट्या. देवघेवीच्या खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, “मला सभासद व्हायचंय. माझ्या नावावर.”

मी अर्ज पुढं केला. त्यांनी सावकाश लिहिलं, ‘सगुणा केशव मिराशी’. सही करून अर्ज माझ्याकडं सरकवला आणि म्हणाल्या, “‘उत्तरतीर’ दे.”

“काकू, त्यांनी...”

“ठाऊक आहे मला. त्या रात्री जेवताना त्यांनीच सांगितलं. फार खुशीत होते.”

मी पुस्तक दिलं. मग खण उघडून ती सोळा पानं दाखवली. “एकही हरवलं नाही, काकू. चाचा आजच्या आज शिवून देतील. सरांना पत्ताही लागणार नाही.”

काकूंनी पानांवरून हात फिरवला. “नकोत ही. चोवीस वर्षांची होते तेव्हा लिहिली होती.” त्यांनी पिशवीतून रेघांचे कोरे कागद काढले, शाईचं पेन काढलं, आणि खिडकीजवळच्या महिलांच्या टेबलाशी जाऊन बसल्या.

सोमवार, मंगळवार, बुधवार. रोज दोन ते चार. सर झोपलेले असत तेवढा वेळ. पहिल्या दिवशी त्या टेबलाशी काकू एकट्याच होत्या. दुसऱ्या दिवशी तारळेकर वहिनी मासिक बदलायला आल्या आणि कागदावरचं अक्षर बघून जागच्या जागी थिजल्या. माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. त्यांनी चप्पल दाराबाहेर काढून ठेवली आणि समोर येऊन बसल्या, देवळात बसावं तशा. त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि तारळेकर वहिनींच्या बाबतीत ही काही साधी गोष्ट नव्हे. दुकान दोन तास नोकरावर टाकलं होतं त्यांनी. बुधवारी टेबलाभोवती अकरा जणी होत्या. पुढ्यात उघडं मासिक आणि नजर काकूंच्या पेनावर.

त्या दिवशी सर लवकर उठले असावेत. साडेतीनला त्यांची चप्पल जिन्यावर वाजली.

“सगुणा? इथं काय करतेस तू?”

काकूंनी मान वर केली. “पुस्तकाला शेवट नाही. लिहितेय.”

“काय खुळेपणा चाललाय?” सर टेबलाशी आले आणि वरचा कागद त्यांनी उचलला. वाचला नाही त्यांनी, नुसता बघितला. मग थांबले. कागद जवळ नेला, लांब नेला. मला घातलेली शपथ सांगायचं नाही, एवढीच होती. दाखवायचं नाही असं काकू बोलल्या नव्हत्या. मी खण उघडला, फाडलेली सोळा पानं आणली आणि सरांच्या समोर टेबलावर ठेवली. शेजारी सोमवारचा सभासदाचा अर्ज ठेवला.

सरांनी पानं पाहिली, हातातला कागद पाहिला, अर्जावरचं नाव पाहिलं. मग काकूंच्या मनगटाकडं त्यांची नजर गेली आणि तिथंच खिळली. आठवलं असावं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या माणसावर मी आठ दिवस धुमसत होते, तरी त्या क्षणी मला वाटलं, आता बोला, सर. आत्ताच बोला. अजून होण्यासारखं आहे.

काकूंनी पेन कागदावर टेकवलं होतं. लिहीत नव्हत्या. शेवटचंच पान होतं ते, अर्धं भरलेलं. त्या नवऱ्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. कसली तरी फार जुनी आस होती. ती मला आजही आठवते.

“बोला,” काकू म्हणाल्या.

अकरा बायका श्वास रोखून बसल्या होत्या. सरांच्या वर्गात बसत तशाच. सरांचे ओठ हलले. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा तारळेकर वहिनींकडं, एकदा दाराकडं. घसा खाकरला.

“घरी चल,” ते म्हणाले. “लोक बघतायत.”

काकूंनी हळूच मान डोलावली, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखी. मग खाली वाकून त्यांनी तीन ओळी लिहिल्या. कुठंही अडल्या नाहीत. शाईवर फुंकर घातली, कागद जुळवले आणि माझ्या हातात दिले. “चाचांना सांग, घट्ट शिव,” म्हणाल्या. पदर खोचला आणि निघाल्या. सर पुढं, काकू चार पावलं मागं, नेहमीच्या सवयीनं. खिडकीतून ते बघताना मला काकूंचाही राग आला. पण चार वाजत आले होते, आणि चहा त्यांनाच करायचा होता.

सरांनी महिन्याभरात प्रकृतीचं कारण सांगून अध्यक्षपद सोडलं. नवीन पानं कुणी फाडली नाहीत. चाचांनी ती दुहेरी दोऱ्यानं शिवली. प्राध्यापकांची झेरॉक्स माझ्या कपाटात कितीतरी वर्षं पडून होती. आता काकू नाहीत, सर नाहीत, चाचाही नाहीत. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी वाचनालयात गेले की नवी ग्रंथपाल सांगते, “बाई, ‘उत्तरतीर’ला अजून सहा जणींचा नंबर आहे.” जुन्या बायका मुलींना आणि सुनांना सांगतात, आमच्या वेळी शेवट निराळा होता. सुना म्हणतात, असेल, पण हाच खरा वाटतो.

मी तो त्या बुधवारीच वाचला होता, काकू जिना उतरत असताना, खिडकीशी उभ्या उभ्या. शाई अजून ओली होती.

‘जयराम बोलला, पण भलतंच बोलला. कुंदा नावेतून उतरली नाही. नावाड्याला म्हणाली, फिरव.’